पाय तेवढेच, अंथरूण 2029पर्यंत

मार्च उजाडला की अमेरिकन फुटबॉलच्या संघांना काटकसरीचा झटका येतो. करारातून मोकळे झालेले खेळाडू बाजारात उतरायला आठवडा उरलेला असतो आणि पगाराची कॅप, म्हणजे मर्यादा, केव्हाच फुटलेली असते. 1994 साली ही कॅप संघामागे 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 साली 27 कोटी 92 लाख. मर्यादा मोठी कडक, एक डॉलरही वर चालत नाही. म्हणून संघ मर्यादेत राहतात आणि खर्च मर्यादेबाहेर जातो.

कसा, ते पाहा. समजा, एका मुरलेल्या क्वार्टरबॅकच्या कराराचं 2025 हे शेवटचं वर्ष आणि पगार 2 कोटी डॉलर. संघाचा हिशेबनीस त्याला प्रेमाने बसवून घेतो. म्हणतो, पैसे सगळे घे, फक्त त्यांना पगार म्हणू नकोस. पगार 12 लाख 55 हजार, म्हणजे 2025 साली जुन्या खेळाडूला द्यावाच लागायचा तेवढा. उरलेला बोनस. बोनस आज हातात पडला तरी वहीत पाच वर्षांवर वाटून लिहिता येतो. पण करार तर यंदाच संपतोय! मग पुढे चार वर्षं जोडायची, 2026 ते 2029. त्या वर्षांत गडी खेळणार नाही, हे त्याला ठाऊक, संघाला ठाऊक आणि नियम करणाऱ्यांनाही ठाऊक. त्यांचं नावच ‘व्हॉइड इयर्स’. बारशालाच रद्द झालेली वर्षं! वहीत 2 कोटींचे 50 लाख होतात. कुणी याला टोपी घालणं म्हणत नाही, ‘कॅप मॅनेजमेंट’ म्हणतात.

आमच्या आजीने अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवलं. हे लोक पाय पसरतात आणि पुढच्या चार वर्षांची अंथरुणं आजच उसनी आणून खाली सारतात. मला त्या 2029 सालाची फार काळजी वाटते. बिचारं अजून उगवलेलंही नाही आणि त्याच्या डोक्यावर एका माणसाचे साडेसदतीस लाख डॉलर. तो माणूस तेव्हा कुठे असेल? टीव्हीवर सामन्याचं विश्लेषण करत असेल, नाहीतर गुडघ्याला शेक देत बसला असेल. एवढी सोपी युक्ती आपण का सोडा, म्हणून मी कोपऱ्यावरच्या वाण्याला म्हटलं, “शेठ, हे बाराशे रुपये पाच वर्षांवर लिहा. पुढची चार वर्षं मी तुमच्याकडून काडेपेटीही घेणार नाही, पण वर्षं लिहून ठेवा.” शेठने वहीतून मान वर केली आणि विचारलं, “साहेब, घरी सगळं ठीक ना?”

ठीक कसलं! वहीत 2029 असलं तरी पुढच्याच मार्चमध्ये क्वार्टरबॅकचा करार आपोआप विरतो आणि उरलेले दीड कोटी एकदम नव्या वर्षाच्या कॅपवर कोसळतात. याला ‘डेड मनी’ म्हणतात. गडी दुसऱ्या गावच्या जर्सीत तुमच्याच विरुद्ध खेळतोय आणि त्याचं ओझं तुमच्या वहीत. मग जागा करायला कोण जातो? हिशेबनीस? छे. जातो तो लाइनमन, ज्याने त्या क्वार्टरबॅकला मार लागू नये म्हणून स्वतःची बोटं मोडून घेतली. त्याच्याही करारात पुढचं वर्ष असतं, सहीनिशी असतं, पण त्या वर्षाच्या पगाराची हमी बहुधा नसते. एक फोन, आणि लॉकर रिकामा. बातमीत त्याला ‘कॅप कॅज्युअल्टी’ म्हणतात, जणू वरून कौल पडला. एकासाठी चार खोटी वर्षं जन्माला घालता येतात आणि दुसऱ्याचं एक खरं वर्ष कापता येतं, आणि या दोन्हीला एकच हुशारी म्हणून टाळ्या पडतात. मला या टाळ्यांचा संताप येतो.

हे सगळं मी शेठलाही ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“2029चं 2029ला बघू,” तो म्हणाला. “आत्ता बाराशे काढा.”