साहाय्यक जाळे : स्वरूप, प्रकार आणि फराळ

लघुउद्योजकाला काही नवे सुचावे आणि सुचलेले परदेशात खपावे, यासाठी उभारलेल्या यंत्रणेला साहाय्यक जाळे म्हणतात. त्याचे तीन घटक आहेत : उद्घाटक, मार्गदर्शक आणि लाभार्थी. पहिल्या दोघांची नावे निमंत्रणपत्रिकेवर असतात. तिसऱ्याची सही हजेरीपटावर घेतात.

जाळे प्रत्यक्ष पाहायचे असल्यास दादर-परळ पट्ट्यातले कोणतेही वातानुकूलित सभागृह चालते. वेळ दहाची दिलेली असते. साडेदहाला समई मांडतात. एसीच्या झोतात वात टिकत नाही, म्हणून एसी बंद करतात. वात पेटते, टाळ्या होतात, एसी लावतात, वात विझते. दिवसभरातला प्रयोगशील भाग एवढाच. त्यानंतर गळ्यात ओळखपत्रे अडकवलेले लाभार्थी एकमेकांना कार्डे देतात. लोणचेवाला पापडवाल्याला देतो, पापडवाला चिवडेवाल्याला, आणि तिघेही विमा एजंटाला. मार्गदर्शक ‘इकोसिस्टिम’ समजावून सांगतात. जेवणात पनीर असते. पापडही असतो, पण तो ताटाच्या कडेला पडून राहतो आणि त्याच्याकडे निर्यातक्षम वस्तू म्हणून कोणी पाहत नाही.

या दुर्लक्षाला परंपरा आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटले, तेव्हा तिथे समई नव्हती. भांडवल ८० रुपये, तेही उसने. देणारे छगनलाल करमशी पारेख ऊर्फ छगनबाप्पा. पहिल्या दिवशीचे उत्पादन चार पाकिटे. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने ठेवून घेतली. आजच्या परिभाषेत सांगायचे तर गच्ची हे इनक्युबेटर, छगनबाप्पा हे एंजल इन्व्हेस्टर आणि भुलेश्वरचा व्यापारी हा मार्केट अ‍ॅक्सेस. त्या काळी मात्र गच्चीला गच्चीच म्हणत.

मार्गदर्शनही झाले. बायका चांगला आणि थोडा हलका असे दोन प्रतींचे पापड करत होत्या. छगनबाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा आणि हिशेब नीट ठेवा. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, हे बायकांनी स्वतःच ठरवले होते. मार्गदर्शनाचा अभ्यासक्रम इथे संपला. प्रमाणपत्र दिल्याची नोंद नाही.

नवसंशोधनाची निकड त्याच वर्षी उभी राहिली. पावसाळा आला आणि पापड वाळेनात. मुंबईच्या दमट हवेत आषाढातला पापड तळण्याआधीच मऊ पडतो, हे कोणत्याही स्वयंपाकघराला ठाऊक आहे. त्यामुळे चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. लघुउद्योगातील तंत्रज्ञानविकासाचे हे उदाहरण प्रशिक्षणवर्गांत सांगत नाहीत. कारण उघड आहे : खाटेसाठी अनुदानाची योजना नाही, आणि स्टोव्हचे सादरीकरण दोन मिनिटांत संपते.

पुढे या पापडाचे ‘लिज्जत’ हे नाव १९६२ मध्ये स्पर्धा घेऊन ठरवले गेले. बक्षीस पाच रुपये होते. एवढ्या रकमेत आज सल्लागार संस्था नाव तर सोडाच, फोनसुद्धा उचलणार नाही. सरकारी जाळे १९६६ मध्ये आले. संस्थेची नोंदणी झाली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली आणि खेळते भांडवल म्हणून आठ लाख रुपये दिले. ही मदत खरी होती आणि कामी आली, हे उपहासाच्या सदरातही लिहायला हवे. ती सात वर्षांनी आली, म्हणजे पहिला पावसाळा, दुसरा पावसाळा आणि स्टोव्हचे रॉकेल यांचा हिशेब मिटल्यानंतर. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री २०२१ मध्ये जाहीर झाली. गिरगाव ते दिल्ली हे अंतर रेल्वेने एका रात्रीचे आहे. साहाय्यक जाळ्याने ते ६२ वर्षांत कापले.

आंतरराष्ट्रीय बाजारपेठेत शिरण्याची लिज्जतची पद्धत तर पाठ्यपुस्तकांना अडचणीची आहे. पापड इंग्लंड-अमेरिकेपर्यंत गेला, पण संस्था स्वतः निर्यात करत नाही. निर्यातदार व्यापारी मुंबईच्या कार्यालयात येतो, पूर्ण रकमेचा धनादेश आगाऊ भरतो आणि माल नेतो. बोटीचे काय झाले, ग्राहकाने पैसे बुडवले का, डॉलर कुठे गेला, ही काळजी व्यापाऱ्याची. निर्यातीचे पैसे बुडू नयेत म्हणून विमा देणारे सरकारी महामंडळ १९५७ पासून आहे, पापडापेक्षा दोन वर्षांनी थोरले. ‘आधी चेक, मग पापड’ हे तत्त्व त्याच्या माहितीपत्रकात नसावे. इकडे घरोघरी सकाळी पीठ जाते, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड परत येतात, वजन होते आणि लाटण्याची मजुरी, म्हणजे संस्थेच्या भाषेत वणाई, हातावर पडते.

लिज्जतच्या वाटेने न जाता स्वतःच्या नावावर निर्यात करू पाहणाऱ्याला मात्र कागदी जाळ्यातून जावे लागते. आधी उद्यम नोंदणी, ती सक्तीची नसली तरी. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे वर्षाला दहा कोटींपर्यंत उलाढाल करणारा उद्योग सूक्ष्म आणि शंभर कोटींपर्यंतचा लघु ठरू शकतो. लालबागच्या चिवडा गल्लीतला दुकानदार या मापाने सूक्ष्माच्याही अलीकडे, म्हणजे बहुधा अणू. त्यानंतर आयात-निर्यात क्रमांक. तो आता पॅनचाच क्रमांक असतो, म्हणजे जो आहे तोच पाचशे रुपये भरून पुन्हा मिळवायचा. मग दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये संकेतस्थळावर जाऊन काहीही बदललेले नाही असे कळवायचे. न कळवल्यास क्रमांक निष्क्रिय होतो. शिवाय खाद्यपदार्थांचा परवाना, बँकेचा एडी कोड, तो बंदरावर नोंदवणे, आणि सवलती हव्या असल्यास निर्यात परिषदेचे सदस्यत्व. या सगळ्यातून पार पडलेल्या पापडाला १९०५९०४० हा क्रमांक लावून जगभर पाठवतात. निदान त्याचा आकार कोणी विचारत नाही, असे वाटत असतानाच २०२१ मध्ये एका उद्योगपतीने गोल पापडाला जीएसटी नाही आणि चौकोनी पापडाला आहे, असे समाजमाध्यमावर लिहिले. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला की पापड कोणत्याही आकाराचा असला तरी करमुक्तच आहे. त्रिकोणी पापडाने त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

शासनाकडून मिळणारे बौद्धिक साहाय्य याहून खोल असते. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेल्या विकोची हळदीची क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, या प्रश्नावर उत्पादनशुल्क खात्याने कित्येक वर्षे कंपनीला एकटे वाटू दिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. लग्नात हळद लावणाऱ्या मुंबईकरांना या प्रश्नाचे उत्तर अजूनही सांगता येणार नाही, कारण त्यांना तो पडलेला नाही.

जागतिकीकरणाचा एक प्रकार असाही आहे की उद्योजकाने जगाकडे जाण्याऐवजी जगानेच यावे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात घोडा छाप शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या. घोड्यामागून उंट आला, कॅम्लिन झाले, आणि २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा घेण्याचा करार केला. घोडा, उंट आणि ओसाका या प्रवासाला मराठी माणसाने नक्की हळहळावे की अभिमान बाळगावा, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. कंपासपेटी मात्र तीच आहे.

गिरगाव, दादर आणि लालबागची सर्वांत मोठी निर्यात कोणत्याही परिषदेच्या कक्षेत येत नाही. मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या भाजून कांडून घेतल्या जातात आणि त्यातला हिस्सा थेट न्यू जर्सीला जातो. वाहतुकीचे एकक तेवीस किलोची बॅग. ती घरच्या वजनकाट्यावर उभे राहून तोलतात : आधी माणूस एकटा, मग बॅगेसह, मग वजाबाकी. दिवाळीत दादरचे फराळवाले भरणी करतात तेव्हा चकल्या डब्यात उभ्या लावतात, मध्ये लाडू बसवतात आणि राहिलेल्या फटींत चिवडा ओततात. चिवड्यामुळे चकली हलत नाही, आणि पोहोचल्यावर तो खाताही येतो. थर्माकोलला हे जमलेले नाही. या जाळ्यात मार्गदर्शक म्हणजे तिकडची आत्या, जी फोनवर ‘गेल्या वेळचे अनारसे विरघळले’ असा बाजाराचा अहवाल देते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली. शुल्क कोणी, कुठे गोळा करायचे हे ठरेना, म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. गणपती आले, गेले, नवरात्र झाले. चकलीच्या भाजणीचा वास सुटला तरी खिडकी बंदच होती. सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली; लक्ष्मीपूजनाला तेव्हा आठवडाही उरला नव्हता. त्या मधल्या काळात ज्यांचे कोणी विमानाने निघाले होते त्यांच्या बॅगा तेवीस किलो पाचशे ग्रॅम भरल्या, आणि विमानतळावर काउंटरसमोर उघडून त्यातला एक स्वेटर बाहेर काढण्यात आला. चिवडा आतच राहिला.