डिस्चार्ज झाला, आता न्यायचं कुठं?

बाळंतिणीला सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला गाडी आहे. 2011 साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, आणि आई नि बाळाला फुकट घरी पोचवायची जबाबदारी सरकारने घेतली. त्याचं मोल मेळघाटातल्या बाईला विचारा. पण खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीसाठी कोणती गाडी आहे? 108 तिला आणते, परत नेत नाही. मग दवाखान्याच्या फाटकाशी ऑटो उभा राहतो आणि नुकतेच टाके काढलेला पाय दुमडून दोघं जण तिला आत बसवतात. तीन आठवड्यांच्या उपचारांची माती व्हायला तिथूनच सुरुवात होते.

ज्यांना घर आहे त्यांचं कसंबसं निभतं. वृद्धाश्रमातून आलेल्यांचं काय होतं ते वॉर्डाच्या दारात दिसतं. न्यायला आलेल्या मावशीच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडतं, इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात. मावशी विचारते, "सिस्टर, ह्या गोया कवा देवाच्या? अन् हे नयी कवा बदलाची?" सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. "कार्डावर लिहिलंय," एवढंच ती सांगू शकते. लघवीची नळी ठरल्या दिवशी बदलली गेली नाही की थंडी वाजून ताप, आणि पुन्हा तोच वॉर्ड. लघवीची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्याचं सोडियम अकोल्याच्या मे महिन्यात उतरतं आणि तो असंबद्ध बोलू लागतो. आश्रमात म्हणतात, बुढ्याचं डोकं फिरलं. एका रक्ततपासणीत कळणारी गोष्ट. पण तपासणी केव्हा करायची हे त्याच कार्डाच्या तळाशी लिहिलेलं असतं आणि ते कुणीच वाचून दाखवलेलं नसतं.

वृद्धाश्रमांनाही जाब विचारलाच पाहिजे. "स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे" या अटीवर माणूस आत घ्यायचा, आणि तो अंथरुणाला खिळला की परत घ्यायला नकार द्यायचा, हे सर्रास चालतं. एक स्वयंपाकीण आणि एक मावशी यांच्या जिवावर आश्रम चालतो, ही अडचण खोटी नाही. दवाखान्याला खाट रिकामी हवी असते, हेही खरं. पण दोघांच्या अडचणींची किंमत भरतो तो खाटेवरचा माणूस.

ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्याचं कलम 19 वृद्धाश्रमाचं आहे: जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांची सोय असलेला. लागूनच कलम 20, सरकारी दवाखान्यांचं: ज्येष्ठांना शक्यतो खाटा, वेगळी रांग. एकाखाली एक छापलेली ही कलमं, पण आश्रमातून दवाखान्यात आणि तिथून परत आश्रमात जायची वाट त्यांत कुठे आखलेली नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना आता पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं. भरती झालेल्याला त्याचा मोठा आधार आहे, पण महिन्याभराने नळी कोण बदलणार, याचं उत्तर त्या कार्डात नाही.

रोग्याला औषधाइतकाच आसरा लागतो, हे वऱ्हाडाने फार आधी ओळखलं होतं. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयातल्या रोग्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आजही उतरायला जागा देते. कर्करोगाचे उपचार घेत महिनोन्‌महिने मुंबईत काढणाऱ्या गरिबाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. बाबांनी 1956 साली अमरावतीजवळच्या वलगावपाशी देह ठेवला. त्याच अमरावतीत म्हातारा माणूस दवाखाना आणि आश्रम यांच्यामध्ये अधांतरी राहावा, याची मला चीड येते.

आणि माणसं नाहीत, ही सबब आता पुरणार नाही. अकोल्यात 2002 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत 2024 मध्ये सुरू झालं. एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासून गावातली कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. त्यांच्यातलीच एक तुकडी, शिक्षकांसकट, दर पंधरवड्याला वृद्धाश्रमात जाऊ दे. रक्तदाब बघू दे, पाठीवरच्या जखमा बघू दे, गोळ्यांचे डबे उघडून बघू दे. पुस्तकातलं म्हातारपण आणि खाटेवरचं म्हातारपण यांतला फरक त्यांनाही कळेल.

बाकी मागणं छोटं आहे. प्रत्येक वृद्धाश्रमाला एक ठरलेला दवाखाना आणि फोन उचलणारी एक सिस्टर. डिस्चार्जच्या वेळी मराठीत एक पान: कोणती गोळी केव्हा, नळी कोणत्या तारखेला, तपासणी कधी आणि काय दिसलं तर ताबडतोब आणायचं. परत सोडायला बाळंतिणीसारखीच गाडी. आणि माणूस परत घेणार, असं आश्रमाने भरतीच्याच दिवशी लिहून द्यायचं. बदल्यात अंथरुणावरच्या माणसाचं करायला दवाखान्याने मावशीला शिकवायचं.

हे ठरवायला मंत्रालयाच्या चकरा कशाला? अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हा शल्यचिकित्सक, अधिष्ठाता आणि आश्रमचालकांना एका टेबलाशी बसवावं, तेही मार्च उजाडायच्या आत. 2024 च्या मे महिन्यात उन्हापायी अकोल्यात जमावबंदी लावावी लागली होती. पारा तिथवर चढला की पहिले भरती होतात ते हेच लोक.