पाणी सुटायची वेळ

पुणेकराचं नदीशी नातं कठड्यावरून बघण्याचं. जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं की संध्याकाळी माणसं छत्र्या घेऊन पुलावर जमतात, भिडे पूल बुडाला का ते पाहतात, आणि कुणीतरी 'पंचवीस हजार क्युसेक' असं अशा थाटात सांगतं की वाटावं, दरवाजे यानंच उचलून आत्ता इथं आलाय. मग भाजलेलं कणीस खाऊन सगळे घरी. आमच्या घरात तर १२ जुलै १९६१ची पानशेतची ओल अजून पुरती वाळलेली नाही. वाड्याच्या भिंतीवर पुरानं जिथं रेघ ओढली होती, तिच्यावर आजीनं देवांच्या तसबिरी टांगल्या. रेघेखाली आम्ही माणसं राहायचो. अशा घरातला मनुष्य साठी उलटल्यावर, रबरी होडक्यात बसून खडकांवर आपटत जायचं ठरवतो, त्याला धाडस म्हणावं की विसराळूपणा?

आमची लेक ब्रिस्बेनला असते. येत्या आषाढात, म्हणजे त्यांच्या ऐन हिवाळ्यात, आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. तिथून विमानानं केर्न्स, आणि केर्न्सहून दक्षिणेला साधारण १४० किलोमीटरवर टली नावाचं उसाकेळ्यांचं गाव. त्या गावामागच्या दरीत, १९८८पासून जागतिक वारसा असलेल्या वर्षावनातून, टली नदी उड्या मारत खाली येते. तिच्यावर एक दिवस राफ्टिंग, सोबत वाटाड्या, दुपारचं जेवण त्यांचंच. हे सगळं लेकीनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न पुण्याच्या रीतीप्रमाणं विचारला, "पाऊस किती?" तिनं फोटो पाठवला. गावात रस्त्याकडेला एक सोनेरी गमबूट उभा आहे, ७.९ मीटर उंच. १९५० साली तिथं जितका पाऊस पडला, बरोबर तितका. बुटाच्या बाहेरून एक हिरवा बेडूक वर चढतो आहे आणि आतून जिन्यानं माणसं. मी फोटो बराच वेळ न्याहाळला. आपल्या आंबोलीत दरवर्षी सरासरीच सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तिथं कुणी साधी चप्पलही उभारलेली नाही. आपण पाऊस बोलण्यात खर्च करून टाकतो.

तारीख ठरली, तशी वेळही ठरली. मी आपलं सवयीनं म्हटलं, सकाळी आवरून निवांत निघू. लेक म्हणाली, "बाबा, तसं नाही चालत. पाणी सुटायच्या वेळेला नदीवर असायला लागतं." मला वाटलं, पुण्याच्या नळाबद्दल बोलते आहे. पण ती नदीबद्दलच बोलत होती. वर पठारावर कूंबुलूम्बा नावाचं धरण आहे, १९६० साली पुरं झालेलं. त्याचं पाणी पुढं डोंगराच्या पोटातून खाली करीयाच्या वीजकेंद्रात उतरतं, जनित्रं फिरवतं आणि मग दरीत सुटतं. तेच पाणी होडकी उचलतं. या सोयीपायी वरचा टलीचा मोठा धबधबा मात्र एरवी कोरडा असतो. जोरदार पावसात तेवढा तो जागा होतो. बाकी वर्षभर, मुलांनी पेन्शन हातातून काढून घेतलेल्या आजोबांसारखा, उंच कड्यावर रिकामा उभा.

हे ऐकून मी निराश व्हायला हवं होतं. आदिम अरण्य, बेभान प्रवाह असलं काहीबाही मनात योजून ठेवलं होतं, आणि नदी निघाली पाळीवर काम करणारी. पण झालं उलटंच. ती एकदम ओळखीची वाटायला लागली, कारण अशी एक नदी माझ्या लहानपणात वाहत होती. मामा कोलाडजवळ राहायचे, कुंडलिकेच्या काठाला. मे महिन्यात सगळ्या नद्या हाडं दाखवत असताना कुंडलिका दिवसातून काही तास भरून वाहायची. तिला ऋतू नव्हता, वेळापत्रक होतं. भिऱ्याला टाटांची वीज तयार झाली की मागाहून पाणी यायचं. मामी धुण्याची बादली उचलताना आभाळाकडे न बघता नदीतल्या एका काळ्या खडकाकडे बघायची. त्याचे पाय भिजले की आम्हा पोरांना हाक, "चला रे वर, पाणी सुटलं!" आम्ही ओल्या चड्ड्यांनिशी काठावर बसून ते पाणी येताना बघायचो. आधी थंड वास, मग गोट्यांची कुजबुज, आणि मग ते. मुंबईत लोकलमधले पंखे फिरवून दमलेलं पाणी आहे, असं मामा सांगायचे, आणि आम्हाला ते खरं वाटायचं. मला अजूनही थोडं वाटतं.

ते पाणी मुळशीचं, हे फार पुढं कळलं. सरळ वाटेनं ते मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. धरणानं त्याचं तोंड पश्चिमेकडे वळवलं. त्या धरणात गावं बुडू नयेत म्हणून १९२१मध्ये मावळे सत्याग्रहाला बसले, पांडुरंग महादेव बापट तिथं सेनापती झाले, आणि गावं तरीही बुडाली. आज त्याच कुंडलिकेवर सकाळी रंगीत शिरस्त्राणं घातलेली तरुण मुलं ओरडत जातात. ओरडावंच, त्यांचं वयच आहे. फक्त मला ते पाणी दिसलं की मामीचा काळा खडक आठवतो आणि त्याच्याही मागं, कधी न पाहिलेली, कुणाची तरी बुडालेली भातखाचरं.

तर तयारी. आमच्या हिला प्रवास म्हणजे दशम्या, चटणी, लाडू आणि जास्तीची एक पिशवी. इथं सूचना अशी की बरोबर काहीही घ्यायचं नाही; बांधायचे बूट, चष्म्याला दोरी आणि अंगावरचे कपडे. एवढ्या रिकाम्या हातांनी आम्ही कोपऱ्यावर दळणालाही गेलेलो नाही. जंगलाबद्दलच्या सूचना वेगळ्याच. तिथल्या एका झाडाची पानं हृदयाच्या आकाराची असतात आणि स्पर्श झाला तर महिनोन्महिने दुखतं. खाजकुयली त्याच्यापुढं लाडात वाढलेली. आकड्यांनी सदरा धरून ठेवणारा वेतही आहे. शाळेत मास्तरांच्या हातात असायचा त्याचाच भाऊबंद, स्वभाव तोच. शिवाय कॅसोवरी: माणसाएवढा, उडता न येणारा, निळ्या मानेचा पक्षी. तो समोर आला तर पाठ फिरवून पळू नये, सावकाश मागं सरकावं, असं लिहिलंय. होडीत वाटाड्या मागं बसून हुकूम देणार आणि बाकीच्यांनी एकाच वेळी, एकाच दिशेनं वल्हं मारायचं. ही अट वाचून ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

अर्जात वजन, वय, पोहता येतं का, गुडघे कसे आहेत, सगळं विचारलंय. गुडघ्यांपुढं जागा कमी पडली. अडलं ते शेवटच्या रकान्यापाशी: आपत्काळी कुणाला कळवायचं? काही झालं तर ज्यांना कळवावं असं वाटतं ती सगळी माणसं, ही, लेक, जावई, त्याच होडीत असणार. शेवटी शेजारच्या काकांकडे गेलो. तिथं दुपारचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, त्यांच्या पूजेची वेळ. तरीही ते हो म्हणाले. कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्यांनी 'टली' असं लिहून ठेवलं, मग पेन हातातच धरून विचारलं, "फोन आला तर मी नेमकं करायचं काय?" मला उत्तर सुचेना. काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "आधी चहा घ्या म्हणावं त्यांना."