सदतिसावा जिल्हा

महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत आणि सदतिसाव्यासाठी रांग लागली आहे. मालेगाव उभं आहे, उदगीर उभं आहे, अंबाजोगाई तर इतकी वर्षं उभी आहे की पाय दुखायला लागले असतील. कृती समित्या झाल्या, बंद झाले, निवेदनं झाली. या सगळ्यांची क्षमा मागून आमची सरकारला नम्र सूचना आहे की, ही रांग बाजूला ठेवावी आणि दावोस हा महाराष्ट्राचा सदतिसावा जिल्हा म्हणून जाहीर करावा.

निकष म्हणाल, तर दावोस सगळ्यांत बसतं. वस्ती अकरा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला धड नगरपंचायत मिळत नाही, पण या गावात जानेवारी २०२५ मध्ये भरलेल्या जागतिक आर्थिक परिषदेत महाराष्ट्र सरकारने दोन-तीन दिवसांत सुमारे १५ लाख ७० हजार कोटींचे सामंजस्य करार केले. वस्तीने भागून पाहा, माणशी १४० कोटींच्या वर जातात. त्याच वर्षी मार्चमध्ये मांडलेला राज्याचा अख्ख्या वर्षाचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता. म्हणजे मंत्रालयाच्या मजल्यामजल्यांवर वर्षभर फायली फिरवून जे जमत नाही, त्याच्या दुप्पट काम आल्प्समधल्या त्या गावात चहाच्या दोन कपांमध्ये उरकतं. अशा ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय नसणं हा दावोसवरच नव्हे, महाराष्ट्रावरही अन्याय आहे.

गावाची हवाही मानवणारी. एकेकाळी युरोपातले क्षयरोगी तिथे हवापालटाला जात. गच्चीवर घोंगडी पांघरून पडून राहायचं, थंड हवा खायची, की छाती भरून यायची. आता रोगी जात नाहीत, राज्यं जातात. तेलंगण जातं, आंध्र जातं, उत्तर प्रदेश जातं, तमिळनाडू जातं, आणि परत येताना प्रत्येकाची छाती भरून आलेली असते.

आता कोणी कुजकट माणूस विचारेल की, करार कुणाशी झाले? सांगतो. २०२५ चा पहिला करार कल्याणी समूहाशी झाला. ५,२०० कोटी, जागा गडचिरोली. कल्याणी समूह पुण्याचा, सरकार मुंबईचं, कारखाना गडचिरोलीचा आणि सही दावोसला. लोक यावर हसले, पण ज्यांनी पुण्यातल्या मुंढव्याहून मुंबईला निघून खंडाळ्याच्या घाटात शनिवार काढलाय, ते हसणार नाहीत. झुरिकचं विमान निदान सुटल्यावर पोचतं तरी. मग तीन लाख कोटींचा जेएसडब्ल्यूचा करार झाला. त्यांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. आणि तीन लाख कोटींहून थोडा जास्त रिलायन्सचा झाला. रिलायन्सचं नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला, मंत्रालयापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. मधे एक-दोन सिग्नल आणि एक भेळवाला लागतो. एवढा धोका पत्करण्यापेक्षा दोन्ही पक्षांनी साडेसहा हजार किलोमीटर लांब जाऊन भेटणं शहाणपणाचं ठरलं.

यावर सरकारचं उत्तर तयार असतं. या कंपन्यांमागे परदेशी भांडवल आहे, परदेशी तंत्रज्ञान आहे, आणि जगभरचे लोक एका गावात सापडतात ते काय नरिमन पॉइंटला सापडणार? उत्तर अगदीच फेकून देण्यासारखं नाही. पण ते खरं मानलं, तर मग खरा आलेला परदेशी पैसा मोजायला हरकत नसावी. तो मोजलेलाही आहे. २०२४-२५ या वर्षात महाराष्ट्रात थेट परकीय गुंतवणूक आली १ लाख ६४ हजार ८७५ कोटींची. देशात पहिला नंबर, देशभरात आलेल्या पैशांतले जवळपास चाळीस टक्के. छाती फुगवायला हा आकडा पुरेसा होता, कारण हे पैसे खरोखर आले होते. पण गंमत अशी की, याचे फ्लेक्स चौकात क्वचितच दिसतात. दीड लाख कोटी आले, याला टाळी पडत नाही. पंधरा लाख कोटी येणार म्हटलं की ढोल-ताशे लागतात. आपल्याकडे साखरपुड्याचा बार उडवून देतात आणि लग्न रजिस्टर पद्धतीने उरकतात, तशातला हा प्रकार.

दावोस जिल्ह्याला पालकमंत्री कोण, हा प्रश्न मात्र बिकट आहे. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली. मुख्यमंत्री तेव्हा परदेशात, याच दौऱ्यावर. ज्या राज्यात रायगडला पालक मिळायची मारामार, तिथे पंधरा लाख कोटींच्या जिल्ह्यासाठी काय रणकंदन माजेल, याची कल्पनाच केलेली बरी.

नवा जिल्हा म्हटला की जुन्या जिल्ह्यांचा हिशेब मिटवावा लागतो. इथे तो जुन्या करारांचा आहे आणि थोडा गुंतागुंतीचा आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये फॉक्सकॉनने राज्याशी करार केला, पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर. आले नाहीत. मग २०२२ मध्ये तीच फॉक्सकॉन वेदान्ताचा हात धरून तळेगावच्या वेशीपर्यंत आली आणि सप्टेंबरात गुजरातला निघून गेली. दीड लाख कोटींचा सेमीकंडक्टर कारखाना! केवढा आक्रोश झाला. एकाने दुसऱ्यावर ढकललं, दुसऱ्याने पहिल्यावर, पुढे श्वेतपत्रिकाही निघाली. आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने तो संसारच मोडला. म्हणजे जो कारखाना कुठेच झाला नाही, तो आपल्याकडून पळवला म्हणून आपण वर्षभर ऊर बडवत होतो. न आलेल्या गोष्टीचा विरह इतका मनापासून सहन करणारा समाज भूतलावर दुसरा नसेल.

हायपरलूप तर आठवतच असेल. फेब्रुवारी २०१८, वांद्रे-कुर्ला संकुल, मॅग्नेटिक महाराष्ट्र ही गुंतवणूक परिषद. हायपरलूपवाले उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन स्वतः आले होते. पुणे-मुंबई पंचवीस मिनिटांत. पुणेकरांनी लगेच हिशेब मांडला की दुपारची झोप काढून चारला निघालं तरी साडेचारला दादरला चहा. पुढच्या वर्षी सरकारने त्याला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जाही दिला. डिसेंबर २०२३ मध्ये हायपरलूपची ती कंपनीच बंद पडली. त्याच मॅग्नेटिक महाराष्ट्रात ४,१०६ करार झाले होते, १२ लाख १० हजार कोटींचे, आणि त्यातून ३६ लाख ७७ हजार लोकांना रोजगार मिळणार होता. त्यातला एखादा मिळालेला ओळखीत असेल तर त्याला आमचा नमस्कार सांगा.

करार प्रत्यक्षात उतरत नाहीत, अशी कुरकुर करणाऱ्यांनी एकदा गुहागरकडे जाऊन यावं. १९९२ च्या जून महिन्यात एन्रॉन या अमेरिकी कंपनीची माणसं भारतात आली आणि काही दिवसांतच तिथल्या वीज प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. हा करार मात्र खरा झाला. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, अरबी समुद्रात बुडवायची भाषा झाली, आणि मग वाटाघाटी होऊन तो बाहेर आला तो आधीपेक्षा मोठा होऊन. वीज घ्या किंवा न घ्या, ठरलेले पैसे द्या, असा तो मामला होता, तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला. वीज मंडळाचं कंबरडं मोडलं. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळं काढलं. तेव्हा बारा लाख कोटींपैकी किती आले, हे विचारण्याआधी जे आले ते कुठल्या अटींवर आले, तेही विचारायला हवं. पण अटींचे फ्लेक्स लागत नाहीत.

आता थोडं भोसरीला येऊ. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तिथे एमआयडीसीत छोटा शेड चालवतात. दोन सीएनसी, एक जुना लेथ, सात कामगार. मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचा व्हेंडर, त्याचं जॉबवर्क. वीज अर्धा मिनिट गेली तरी चालू कट मधेच थांबतो, टूलची टीप उडते आणि पीस भंगारात जातो. ते पीस त्यांनी एका प्लास्टिकच्या टबात साठवलेत, कूलंटने चिकट झालेले, आलेल्या-गेलेल्याला दाखवायला. पेमेंट नव्वद दिवसांनी, तेही फोन केले तर. शेडसमोरचा रस्ता पावसात असा होतो की टेम्पोवाला भाडं वाढवून मागतो. सरकारच्या ‘एक खिडकी’ परवानगीचं काय, असं विचारलं. म्हणाले, खिडकी एकच आहे, खरं आहे, पण तिच्यामागे टेबलं तेवढीच आहेत. दावोसच्या आकड्याबद्दल विचारलं, तर त्यांनी टबातला एक पीस उचलून हातात दिला आणि विचारलं, ‘‘आठ मायक्रॉननं गेलाय. एवढ्यानं आमचा माल रिजेक्ट होतो. तिकडे लाख कोटींना काय टॉलरन्स देतात?’’

आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसलो. पण या माणसाने सात लोकांना काम दिलंय आणि त्यासाठी कुठेही सही केलेली नाही, म्हणून तो कुठल्याच आकड्यात नाही. राज्यातल्या एमआयडीसी अशा शेडनी भरलेल्या आहेत. त्यांचे फोटो काढायला बर्फ नसतो.

तेव्हा जिल्हा खुशाल करा. तिथे सातबारा सुरू करा, तलाठी नेमा, एसटीचा डेपोही काढा. आमची अट एवढीच की, नव्या जिल्ह्याच्या पहिल्या सभेत २०१८ च्या ४,१०६ करारांची आणि २०२५ च्या सगळ्या करारांची यादी पटलावर ठेवावी: कंपनी, तालुका, प्लॉट नंबर, सरकारने काय कबूल केलं, आणि आज तिथे कामाला किती माणसं जातात. ती यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवावी. छपाईचा खर्च परवडत नसेल तर सांगा. कागद आम्ही आणतो, खळ आम्ही शिजवतो.