तिसरा डोळा, आयता पासवर्ड

सोसायटीच्या गेटवर अखेर फिरता कॅमेरा बसला. ३५५ अंशांत मान वळवतो, हालचाल दिसली की पाठलाग करतो. सध्या तो रात्रभर एका भटक्या कुत्र्याच्या मागे इमानेइतबारे फिरतो. तेवढ्यात पार्किंगमधून कुणी स्कूटर लांबवली, तर तिकडे त्याची पाठ. मेमरी कार्ड भरलं की जुनं चित्रण पुसून नवं चढतं, म्हणजे पुरावा म्हणून उरणार कुत्राच. पासवर्ड? कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’, तसाच. कमिटी म्हणते, लक्षात ठेवायला सोपा. चोरांनाही! २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने अशाच आयत्या पासवर्डांच्या जोरावर कॅमेरे, राउटर अशी लाखो उपकरणं बळकावली होती. तेव्हा सचिवसाहेब, उद्घाटनाचा नारळ नंतर फोडा. आधी पासवर्ड बदला.