बिनविरोध

आइसलँडच्या फुटबॉल अजिंक्यपदांची यादी निवांत दुपारी वाचावी. वर्ष, संघ, वर्ष, संघ. डोळे संथपणे खाली उतरत जातात आणि दुसऱ्याच पायरीवर थबकतात. १९१३, विजेता रेक्याविकचा फ्राम. सामने एकही नाही, कारण त्या वर्षी स्पर्धेत दुसरा संघच नव्हता. १९१४ सालीही तेच: फ्राम एकटा, फ्राम विजेता. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुका बिनविरोध व्हायच्या म्हटल्या तरी त्याआधी चार रात्री किती चहा रिचवावा लागतो, किती जणांचे रुसवे काढावे लागतात! इथे तर रुसायलासुद्धा कोणी आलं नाही.

खरं तर सुरुवात अशी सुनसान नव्हती. १९१२ साली पहिल्या स्पर्धेला तीन संघ होते: फ्राम, आज केआर म्हणून ओळखला जाणारा रेक्याविकचाच दुसरा संघ, आणि समुद्र ओलांडून आलेले वेस्टमन बेटांवरचे गडी. बेटाच्याही पलीकडच्या बेटांवरून आलेले हे पाहुणे पहिला सामना हरले आणि इतके जायबंदी झाले, की दुसरा न खेळताच परतले. उरलेल्या दोघांत बरोबरी झाली. मग पुन्हा सामना, आणि त्यात केआरची सरशी. म्हणजे फ्रामला हरण्याची चव ठाऊक होती. पुढच्या वर्षी उट्टं काढायला ते सज्ज झाले असणार, आणि उट्टं ज्याच्यावर काढायचं तोच फिरकला नाही.

मला त्या खेळाडूंबद्दल फार माया वाटते. मे महिन्यात वाडीतली सगळी पोरं मामाच्या गावाला गेली, की मी भिंतीशी क्रिकेट खेळत असे. भिंत प्रामाणिक होती. चेंडू कधी लपवून ठेवला नाही, बाद दिल्यावर भांडली नाही. पण जिंकल्यावर तिच्याकडे बघून काय करायचं, हे काही केल्या सुचायचं नाही. उत्तरेच्या त्या उन्हाळ्यात, जिथे जूनमधली रात्र नीट काळोखीसुद्धा होत नाही, अकरा तरणीताठी माणसं विजेती म्हणून घरी गेली असतील. आईने ‘किती गोल केलेस रे?’ असं विचारलं असेल, तर?

१९१५ साली प्रतिस्पर्धी परतले आणि फ्रामने त्यांनाही हरवलं, पुढे १९१८पर्यंत हरवतच राहिले. त्यामुळे मधली दोन वर्षं कशी कोण जाणे, शोभून गेली. फ्रामच्या अठरा अजिंक्यपदांतून ती कोणी वजा करत नाही. वेस्टमनवाल्यांना मात्र पहिलं अजिंक्यपद मिळायला १९७९ उजाडलं. त्याच्या सहाच वर्षं आधी त्यांच्या गावाशेजारी जमीन फाटून ज्वालामुखी उसळला होता आणि रातोरात सारं बेट रिकामं करावं लागलं होतं. एवढं सोसून आलेल्यांचा हेवा कोण करणार?

हळहळ वाटते ती केआरची. सर्वाधिक अजिंक्यपदांचे हे धनी १९६८नंतर जे अडले, ते थेट १९९९ साली, शंभराव्या वर्षी, पुन्हा जिंकले. मधल्या एकतीस वर्षांत सप्टेंबर आला, की त्यांच्या एखाद्या जुन्या चाहत्याने ती यादी नक्की काढली असेल. १९१३, १९१४. नुसतं नाव नोंदवायचं होतं!