दुधाकडे बघा

पिशवीतलं दूध डेअरीतून तापूनच येतं. ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद ठेवायचं आणि लगेच गार करायचं, की त्यातले रोगजंतू मरतात. ही युक्ती लुई पाश्चरच्या नावाने ओळखली जाते आणि ‘पाश्चराइज्ड’ असं पिशवीवर छापलेलंही असतं. शास्त्राच्या हिशेबाने पिशवी फोडावी, दूध प्यावं, विषय संपला. पण मराठी घरात न तापवलेलं दूध कुणी तोंडाला लावलं, तर त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात त्या नजरेने खुद्द पाश्चरने जंतूंकडेही बघितलं नसेल. दूध तापवायचंच. ज्या कामाची प्रकृतीला फारशी गरज नाही, ज्यात गॅस जळतो, वर पातेलं घासावं लागतं आणि तरीही जे रोज सकाळी निष्ठेने होतं, त्याला स्वयंपाक म्हणण्यात अर्थ नाही. ती उपासना आहे.

आमच्या घरी तिचा पुजारी मी. हे पद मी मागून घेतलेलं नाही. सकाळी स्वयंपाकघरात रिकाम्या हाताचा माणूस मी एकटाच असतो, आणि आमच्याकडे रिकामा हात फार वेळ रिकामा राहू देत नाहीत. पोळी लाटता लाटता, मान वर न करता बायको म्हणते, “अहो, दुधाकडे बघा.” बघा म्हणजे फक्त बघा. ढवळायचं नाही, गॅस मोठा-बारीक करायचा नाही, पेपर आणायचा नाही, फोनला तर हातच लावायचा नाही. समोर जे आहे ते, जसं आहे तसं, बघत राहायचं. ध्यानाची इतकी नेमकी दीक्षा फुकट मिळत असताना लोक इगतपुरीला का जातात, असा प्रश्न मला पडायचा. माझा एक मावसभाऊ धम्मगिरीला दहा दिवस राहून आला. पहाटे चारला घंटा, दिवसभर ध्यान आणि संपूर्ण मौन. माणूस खरोखर निवळून आला. फक्त पुढचे कित्येक महिने तो मौनाबद्दल बोलत होता.

तर दूध. सुरुवातीला ते काहीच करत नाही. मग कडेने बारीक बुडबुड्यांची माळ धरते, वर साय जमते, सायीला सुरकुत्या पडतात. पाणी सरळ मनाचं असतं. वाफ झाली, बुडबुडा फुटला, गेली. दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, त्यांचा वर पडदा धरतो. खालून आलेली वाफ त्याच्याखाली अडकते, साठते, आणि मग सगळा फेस पडद्यासकट एकदम वर येतो. हे ‘एकदम’ येईपर्यंत माझं मन सोसायटीच्या लिफ्टपाशी पोचलेलं असतं. तिथून ते प्रॉव्हिडंट फंडात जातं. काल चारचौघांत ज्याने मला टोमणा मारला, त्याला द्यायचं चोख उत्तर मला नेहमी दुधासमोरच सुचतं, आणि त्या उत्तराचा शेवटचा शब्द जुळायला आणि दूध काठाशी यायला एकच गाठ पडते. वाफेचं आणि पडद्याचं स्पष्टीकरण मला पटतं, पण पुरत नाही. दूध माणसाचं मन वाचतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या पूर्वतयारीनिशी मी आमच्या ऑफिसातल्या माइंडफुलनेसच्या कार्यशाळेला बसलो. मार्चअखेरचा ताण जावा म्हणून ती मार्चअखेरीलाच ठेवलेली होती, त्यामुळे त्या ताणात तिने आपल्या परीने भर घातली. प्रशिक्षक बाई हसतमुख होत्या. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. एकच. मागच्या रांगेतून “प्लेट कुठाय?” असा प्रश्न आला, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

हा बेदाण्याचा प्रकार अमेरिकेतला. जॉन कबात-झिन हे मूळचे रेणूजीवशास्त्रज्ञ. १९७९ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ताणतणाव आणि जुनाट दुखणी घेऊन येणाऱ्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानातला धर्म बाजूला ठेवून लक्ष देण्याची तालीम तेवढी घेतली. तिच्या आरंभीच हा बेदाणा. तो बघायचा, फिरवायचा, हुंगायचा, कानाजवळ नेऊन बोटांत दाबून ऐकायचा, मग जिभेवर ठेवायचा, आणि या सगळ्यानंतर मनात असलंच तर चावायचा.

“समजा, तुम्ही आजच परग्रहावरून आला आहात,” बाई म्हणाल्या. “ही वस्तू तुम्ही आयुष्यात कधीही पाहिलेली नाही.”

“मॅडम,” आमचे एक सहकारी अतिशय नम्रपणे म्हणाले, “मी तासगावचा आहे.”

ज्यांना सांगली जिल्हा ठाऊक आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. आम्ही या गृहस्थांना तासगावकरच म्हणतो; आडनाव वेगळं आहे, पण ते पगारपत्रकापुरतं. त्यांनी बेदाणा खिडकीकडे धरला. “ह्याला ऊन लागलंय. जाळीच्या कडेचा असणार. सावलीत वाळला असता तर रंग असा मारला नसता.” मग हुंगला. “कोल्ड स्टोरेजमधला जुना माल आहे.” मग, कुणी विचारलं नसताना, त्यांनी सगळा प्रवास सांगितला: द्राक्षं काढायची, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि आतलं पाणी बाहेर पडतं, मग शेडमध्ये जाळ्यांवर पसरायची आणि दोनेक आठवडे वाऱ्यावर सोडायची. पिवळा रंग हवा असेल तर गंधकाची धुरी. चार किलो द्राक्षं तेव्हा कुठे एक किलो बेदाणा. आणि या दोन आठवड्यांत आभाळ भरून आलं, तर घरातलं कुणी झोपत नाही.

“आपण माहिती बाजूला ठेवू या,” बाई गोड आवाजात म्हणाल्या. “फक्त अनुभव घेऊ.”

“तोच सांगतोय,” तासगावकर म्हणाले.

एव्हाना आम्ही सगळे आपापला बेदाणा खिडकीकडे धरून बसलो होतो. माझ्याही बेदाण्याच्या एका अंगाला ऊन लागलेलं मला स्पष्ट दिसलं. बाईंचं कौशल्य नाकारण्याचं कारण नाही, पण परग्रहावरून आलेल्या माणसाला हे दिसलं नसतं. त्याला तळहातावर एक सुरकुतलेली वस्तू दिसली असती, आणि घाबरून त्याने ती खाली टाकली असती. कार्यशाळा संपल्यावर अभिप्रायाचे फॉर्म आले. ‘बेदाणा खाताना काय जाणवलं?’ या प्रश्नापुढे मी ‘प्रसन्नता’ लिहिलं. तासगावकरांनी लिहिलं होतं, ‘माल गेल्या हंगामातला. पुढच्या वेळी आधी कळवणे, घरून आणतो.’

तेव्हापासून मी जरा बारकाईने बघतो आहे. शांत बसून, अलिप्त होऊन एखाद्या गोष्टीकडे टक लावणारी माणसं मला आजूबाजूला फारशी दिसत नाहीत. ज्यांचं काही अडकलेलं असतं, ती मात्र कमालीची एकाग्र असतात. आभाळाकडे बघणारा बेदाणेवाला, वजनकाट्याकडे बघणारं गिऱ्हाईक, आणि दहावीचा निकाल उघडेपर्यंत पडद्यावर फिरणाऱ्या त्या गोल चकतीकडे बघणारी आई. तिच्याइतकं एकटक ध्यान हिमालयातही लागत नसेल.

आता कुणी म्हणेल, यात अध्यात्म कुठे आलं? ही तर काळजी झाली. मला अशा वेळी तेरचे गोरोबाकाका आठवतात. ते मडक्यांसाठी चिखल तुडवत होते आणि बायको पाण्याला निघाली होती. जाताना सांगून गेली की मुलाकडे बघा. म्हणजे ‘दुधाकडे बघा’ या वाक्याची परंपरा निदान सातशे वर्षांची आहे. काका नामात इतके रंगले की रांगत आलेलं मूल पायाखाली आलेलं त्यांना कळलं नाही. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना सगळे भक्तीच्या पराकोटीने गहिवरायचे, पण माझी आई पदर तोंडाला लावून शेजारणीला म्हणायची, “बाई गं, तिने सांगितलं होतं की बघायला.” कथेत पुढे पांडुरंग मूल परत देतो. दुधाच्या बाबतीत अशी सोय नाही.

त्या मानाने सावता माळ्यांचा मार्ग मला घरगुती वाटतो. ते अरणला आपल्या मळ्यात राहिले. पंढरपूर त्याच सोलापूर जिल्ह्यात, पण हातातलं खुरपं टाकून ते वारीला गेले नाहीत. विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात आला, असं सांगतात. पाण्याची पाळी सोडून दर्शनाला गेलं तर भाजी वाळते, हे शेतकऱ्याला कळतं, तसं देवालाही कळलं असणार.

वर्षातून एक दिवस मात्र नियम उलटा होतो. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात दूध ठेवायचं आणि ते मुद्दाम उतू जाऊ द्यायचं. आता आम्हाला अंगण नाही, तेव्हा हा विधी गॅलरीत होतो आणि धूर वरच्या मजल्यावर जातो. सगळं घर हात जोडून उभं. कोणत्या दिशेला उतू जातं ते बघायचं असतं. मी, बायको, मुलगी, आई, चौघांचे आठ डोळे त्या एवढ्याशा बोळक्यावर. आणि त्या दिवशी दूध येतच नाही. शेवटी मुलगी कंटाळून “आत चार्जिंगला लावलेला फोन बघून येते” म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. दूध कोणत्या दिशेला गेलं, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

पण या विषयातला शेवटचा शब्द आईचा. तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि घरचं तूप अजून तीच कढवते. कढवते म्हणजे, लोणी गॅसवर ठेवून स्वतः बाहेर बसते. समोर मालिका, कानाला फोन, फोनवर मावशी, मांडीवर गवारीची चाळणी. एका वेळी एकच गोष्ट करा, असं कार्यशाळेत फळ्यावर लिहिलं होतं; आई त्या फळ्याच्या नियमाने नापासच. तर मावशीच्या सुनेचं प्रकरण ऐन रंगात असताना ती मध्येच म्हणते, “गॅस बंद कर रे,” आणि पुन्हा सुनेकडे वळते. मी धावत जाऊन बघतो तर तूप नेमकं झालेलं असतं. क्षणभर इकडे नाही, तिकडे नाही.

“तुला बाहेर बसून कसं कळलं?”

“गप्प झालं ना ते.”

खरं आहे. लोण्यात पाणी असतं, तोवर ते तडतडतं. पाणी उडून गेलं की आवाज बसतो, खाली बेरी तांबूस होते, वर स्वच्छ तूप उरतं. मालिकेतलं रडणं, मावशी आणि रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न यांच्यामधून आई हा थांबलेला आवाज ऐकते. मग ती उठून येते आणि वासाने खात्री करून घेऊन त्यात विड्याचं पान टाकते.

मी भारावून तिला म्हटलं की व्हिएतनामचे एक मोठे बौद्ध भिक्षू होते, थिक न्हात हान्ह. त्यांनी लिहून ठेवलंय की भांडी घासायची ती भांडी घासण्यासाठीच घासावीत, कधी एकदा उरकतात आणि चहा मिळतो असा विचार करत घासू नयेत.

आईने थोडा विचार केला. “बरोबर आहे त्यांचं. पण खरकटं वाळायच्या आत घासावीत. मग ध्यान लवकर लागतं.” आणि मग म्हणाली, “उभा काय राहिलास? तूप गाळून घे आणि पातेलं गरम आहे तोवर बेरी खरवड.”

मी बेरी खरवडली, वर साखर घातली आणि ठरवलं की हा घास तरी शास्त्रोक्त खायचा. वाटी खिडकीकडे धरली. तांबूस रंग पाहिला, साखरेचे दाणे वेगळे चमकत होते. मग हुंगली. मग चमचा कानाजवळ नेला, तेवढ्यात मुलगी आली, माझ्याकडे एकदा बघून “बाबा, बरं वाटतंय ना?” म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता वाटी घेऊन गेली.